उजव्या कोपऱ्यातला ठिपका

कुरिअरवाल्यानं चारकोपला चौथ्या मजल्यावर आणून दिली
ती डबी वहीएवढीही नव्हती.
वर लाल डोंगर, एक घोडा, आणि सोनेरी अक्षरांत
नवी, स्वच्छ, संपूर्ण आवृत्ती.
बाबांनी चकती हातावर तोलली.
"चौदा रिळं. ह्यात?
एकेक डबा जिन्यानं चढवताना कंबर धरायची माझी."

विश्राम खोबरेकर, ऑपरेटर.
ग्रँट रोडला, गुलिस्तान टॉकीजच्या कॅबिनमध्ये एकतीस वर्षं.
कार्बनच्या कांड्या, बनियनला धुराचा वास,
भिंतीत पोस्टाच्या पेटीच्या तोंडाएवढं भोक.
त्यातून त्यांनी अमेरिका पाहिली.
तीही मुकी,
कारण मशीनच्या खडखडाटात
बंदुकासुद्धा ऐकू यायच्या नाहीत.

ह्या एका पिक्चरवर मात्र जीव.
तीन आठवड्यांच्या बोलीनं आलं, अकरा आठवडे मॅटिनीला राहिलं.
आम्ही ते ताटात पाहिलं :
भाताची टेकडी, पायथ्याशी आमटी,
आणि कडेकडेनं दौडत जाणारं बाबांचं बोट.
शेवटी तो माणूस विधवेच्या दारात उभा राहतो,
टोपी हातात,
काहीतरी बोलतो, आणि जातो.
काय बोलतो?
बाबा आवाज खाली आणायचे :
"मी येतलंय. कवाड लावन् घे."
आई तेव्हा उगाचच उठून
कडी बघून यायची.

आता आई नाही. गुलिस्तानच्या जागी गाड्यांचं पार्किंग.
बाबांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतिया काढून महिना झालेला.
मी पडदे ओढले, चकती घातली.
धूळ नाही. उभे ओरखडे नाहीत.
सातव्या रिळातला तो जोड नाही, जो त्यांनी स्वतः लावला होता,
जिथं घोडा एक पाऊल गाळून पुढे जायचा.
आभाळ इतकं निळं की बाबा म्हणाले,
"हे कुठलं? आमचं जरा चहासारखं होतं."

दहाव्या मिनिटाच्या आसपास
त्यांचा उजवा हात खुर्चीवरून उठला
आणि हवेत राहिला.

वर, उजव्या कोपऱ्यात, ठिपका यायला हवा होता.
पहिला ठिपका : दुसऱ्या मशीनची मोटर चालू.
मग मनात सात आकडे.
दुसरा ठिपका : झडप टाक.
एकतीस वर्षांत एकदाही पडदा पांढरा पडू दिला नाही.

ठिपका आला नाही.
दूरच्या कुठल्या थंड खोलीत बसून
कुणा मुलानं तो डाग समजून पुसला असणार.
पिक्चर पुढे चाललंच,
कुणी बदललं नाही तरी.
बाबा वळून मागच्या भिंतीकडे बघायला लागले,
जिथं फक्त कॅलेंडर होतं.
"कोण आहे कॅबिनमध्ये?"
"कोणी नाही, बाबा."
हात हळूच खाली आला. पण दर दहा मिनिटांनी
बोटं थोडी हलायचीच.

मग ते दार. ती बाई. टोपी.
ह्या वेळी वाराही ऐकू येत होता, दाराची बिजागरीसुद्धा.
तो बोलला. खाली अक्षरं उमटली.
"काय म्हणाला?"
मला खोटं बोलता आलं असतं.
मी चष्मा पुसला. तेवढ्यात तो घोड्यावर बसलाही.
"म्हणाला, विहिरीवरची बादली गळते,
खालून डांबर लावून घ्या."

बाबा बराच वेळ गप्प.
नावं वर सरकत होती, एवढी माणसं, एवढीशी अक्षरं.
मग हसले, नव्या डोळ्यांनी, तोंडात दात नसताना.
"मग बरोबर आहे की.
बादलीचं सांगून जाणारा माणूस
परत येतो."

उठता उठता दारातून मागे वळून म्हणाले,
"ती चकती उलटी गुंडाळून ठेव गो,
नाहीतर उद्याच्या शोला
शेवटच आधी लागेल."